सफारी राइडवरचे इफेक्ट कधी उडतात, कधी उडत नाहीत: दोष कुठे शोधायचा, आणि मुद्दाम अनिश्चितता कशी आणायची?

रानवाट:

उघड्या ट्रकमधून फिरवणारी सफारी राइड आहे. रूळ नाहीत, ट्रक माणूस चालवतो. ट्रकची लांबी ९ मीटर, ८ ओळींत ३२ प्रवासी, वेग ८ ते १८ किमी प्रतितास. दर ६० सेकंदांनी एक ट्रक सुटतो. वाटेत पाच इफेक्ट आहेत: जमिनीतून उसळणारा पाण्याचा फवारा (दाबाच्या हवेवर), पाण्यातून झेपावणारी यांत्रिक मगर, हलणारं झुडूप व त्यातली गुरगुर, घळीतलं धुकं आणि हायड्रॉलिक सिलिंडरवर एका बाजूला कलणारा पूल.

प्रत्येक ठिकाणी इफेक्टच्या १० मीटर आधी एक रिफ्लेक्टरवाला फोटो सेन्सर आहे. ट्रकने रिफ्लेक्टरवरून परत येणारा किरण तोडला की पीएलसी (इफेक्ट चालवणारा प्रोग्रॅम करता येणारा नियंत्रक) टायमर सुरू करतो आणि ठरलेल्या वेळाने इफेक्ट उडतो. फवाऱ्याला ३ सेकंद दिले आहेत.

तक्रारी अशा: फवारा कधी ट्रकच्या पुढे उडतो, कधी ट्रक निघून जाताना. गर्दीच्या तासात तो बुटका होत जातो आणि एखाद्या वेळी उडतच नाही. मगर एकाच ट्रकसाठी दोनदा झेपावते. धुकं दुपारनंतर गायब. पूल काही ट्रकना कलतो, काहींना नाही, आणि कारण कळत नाही.

दुसरा प्रश्न वेगळा आहे. परत परत येणाऱ्या प्रवाशांना पुढे काय होणार हे पाठ होऊ नये म्हणून इफेक्ट मुद्दाम अनिश्चित ठेवायचे आहेत. आत्ता जी अनिश्चितता आहे तीच थोडी आवरून वापरता येईल का?

पीएलसीवाला:

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. नाही, वापरता येणार नाही. दोषातून आलेली अनिश्चितता गर्दीच्या वेळी वाढते, म्हणजे सर्वांत जास्त लोकांना सर्वांत वाईट राइड मिळते. प्रवाशाला जे अनपेक्षित वाटायला हवं ते नियंत्रकाला आधीपासून माहीत असलं पाहिजे. त्यामुळे आधी प्रत्येक इफेक्ट शंभरपैकी शंभर वेळा जागेवर उडेल असा करा. कुठला उडवायचा आणि कुठला नाही, याची निवड त्यानंतर.

आता वेळेचं गणित. १० मीटर आणि ३ सेकंद हे १२ किमी प्रतितास, म्हणजे सेकंदाला ३.३ मीटर वेगासाठी बरोबर आहे. चालक ८ किमीने आला तर ३ सेकंदांत तो ६.७ मीटरच पुढे येतो आणि फवारा त्याच्या तोंडापुढे जवळपास ३.३ मीटरवर उडतो. १८ किमीने आला तर तो १५ मीटर गेलेला असतो, म्हणजे ट्रकचा निम्म्याहून जास्त भाग फवाऱ्यापलीकडे. पीएलसीवर संशय घेऊ नका. त्याचा स्कॅन, म्हणजे सेन्सर वाचून हुकूम देण्याची एक फेरी, १०-२० मिलिसेकंदांचा असतो, तेवढ्यात ट्रक १० सेंटिमीटरपेक्षा जास्त सरकत नाही. चूक आहे ती जागेचं काम घड्याळाला देण्यात.

उपाय साधा आहे: सेन्सर दोन ठेवा, कामं वेगळी. लांबचा सेन्सर फक्त ‘तयार हो’ सांगेल: पंप सुरू, दाब तपास, पाण्याची पातळी तपास. उडवण्याचा हुकूम मात्र इफेक्टपासून एखाद-दीड मीटरवरच्या जवळच्या सेन्सरनेच द्यायचा. टायमर ३ सेकंदांऐवजी ०.३ सेकंदांचा झाला की ८ ते १८ किमीच्या पूर्ण पट्ट्यात ट्रकच्या जागेतला फरक एक मीटरच्या आत येतो. चालकांना ‘एकाच वेगाने चालवा’ अशी तंबी देऊन हे कधीच साधत नाही. पुढचा ट्रक रेंगाळला की मागच्याला हळू व्हावंच लागतं.

त्याहून अचूकता हवी असेल तर जवळच्या सेन्सरच्या २ मीटर आधी तिसरा लावा आणि दोन्हींमधला वेळ मोजा. १२ किमीला तो ०.६ सेकंद येतो. उरलेलं अंतर गुणिले मोजलेला वेळ भागिले २ मीटर, त्यातून इफेक्टची स्वतःची दिरंगाई वजा, हा झाला टायमर. मोजलेला वेळ २ सेकंदांवर गेला तर ट्रक चालण्याच्या वेगाखाली आहे किंवा थांबला आहे असं धरून हुकूम रद्द करा. थांबलेल्या ट्रकच्या बाजूला आंधळेपणाने उडालेला फवारा म्हणजे थेट कोणाच्या तरी तोंडावर पाणी.

इफेक्टची दिरंगाई अंदाजाने लिहू नका. आउटपुटच्या समांतर एक छोटा एलईडी लावा आणि तो व फवारा एकाच चौकटीत येतील असं सेकंदाला ६० फ्रेमवर चित्रण करा. एक फ्रेम म्हणजे साधारण १७ मिलिसेकंद. एलईडी लागल्यापासून पाणी दिसेपर्यंतच्या फ्रेम मोजा. पायलट व्हॉल्व्ह (मुख्य व्हॉल्व्हला हवेच्या दाबाने हलवणारा छोटा व्हॉल्व्ह), मुख्य व्हॉल्व्ह आणि नळीतला हवेचा प्रवास धरून पाव सेकंद सहज जातो, आणि १८ किमीला पाव सेकंद म्हणजे सव्वा मीटर.

मगर दोनदा का झेपावते याचा माझा अंदाज: सेन्सर बाकांच्या उंचीवर असणार. उघड्या ट्रकला ओळींमध्ये फटी असतात, त्यातून किरण परत जुळतो आणि पुढच्या ओळीला नव्याने तुटतो. ट्रकची बाजू जिथे सलग आहे, म्हणजे चासीच्या पत्र्याच्या उंचीवर, सेन्सर उतरवा. शिवाय प्रोग्रॅममध्ये एकदा उडालं की कुलूप घाला आणि ते कुलूप मगरीपलीकडच्या बाहेर पडण्याच्या सेन्सरने उघडा. फक्त टायमरने उघडणारं कुलूप ट्रक मध्येच थांबला की फसतं.

फोटो सेन्सरचे बाकीचे रोग थोडक्यात. चकचकीत पत्रा रिफ्लेक्टरसारखा प्रकाश परत फेकतो आणि सेन्सरला ट्रक दिसतच नाही, म्हणून फक्त रिफ्लेक्टरवरून आलेला प्रकाश ओळखणारा पोलराइज्ड प्रकारच घ्या. सकाळ-संध्याकाळचा तिरपा सूर्य थेट भिंगात शिरत असेल तर दिशा बदला किंवा वर टोपी बसवा. रिफ्लेक्टरवरची धूळ, कोळ्याचं जाळं, वाढलेली फांदी आणि तुमचं स्वतःचं धुकं या सगळ्यांनी किरण तुटतो आणि पीएलसीला वाटतं ट्रक आला. किरण ३० सेकंदांपेक्षा जास्त तुटलेला राहिला तर तो दोष म्हणून नोंदवा.

पण या सगळ्याच्या आधी नोंद ठेवायला लागा. प्रत्येक इफेक्टसाठी चार क्षणांची वेळ लिहा: सेन्सर लागला, आउटपुट गेला, इफेक्ट खरंच घडल्याची खूण आली (प्रेशर स्विच, सिलिंडरच्या टोकाचा स्विच), ट्रक बाहेर पडला. सोबत ट्रक क्रमांक आणि त्या क्षणीचा हवेचा दाब. दोन दिवसांची नोंद पाहिली की दोष शोधण्यात अंदाजाला जागा उरत नाही. फवाऱ्याची टाकी, कॉम्प्रेसरचा आकडा आणि दाब किती ते कळवाल का?

रानवाट:

आभारी आहे. मगरीचा सेन्सर खरोखरच बाकांच्या उंचीवर आहे. फवाऱ्याची हवेची टाकी ३०० लिटर, भरलेला दाब ७ बार. एका फवाऱ्यानंतर दाब ५ बारवर येतो. व्हॉल्व्ह अर्धा सेकंद उघडा राहतो. पिस्टन कॉम्प्रेसरवर मिनिटाला ४५० लिटर लिहिलं आहे आणि त्यावरच मगर व झुडूपही चालतात. टाकीपासून फवाऱ्यापर्यंत साधारण २० मीटर बारीक नळी आहे. फोटो सेन्सरऐवजी जमिनीतले लूप (वरून जाणारी धातूची गाडी ओळखणारे तारेचे वेढे) लावावेत असाही विचार चालू आहे, कारण प्राण्यांची देखभाल करणाऱ्यांच्या गाड्याही याच रस्त्याने जातात आणि त्यांच्यावरही इफेक्ट उडतात.

दाबमापक:

उत्तर तुमच्याच आकड्यांत आहे. ३०० लिटरची टाकी ७ वरून ५ बारवर आली म्हणजे ३०० × २ = ६०० लिटर मोकळी (बाहेरच्या साध्या दाबाला मोजलेली) हवा गेली. दर मिनिटाला एक ट्रक, म्हणजे फवाऱ्यालाच मिनिटाला ६०० लिटर लागतात. कॉम्प्रेसर ४५० देतो. मिनिटभरात दाब फक्त दीड बारने चढतो, ६.५ पर्यंत. पुढचा फवारा ६.५ वरून सुटतो, त्यापुढचा त्याहून खालून. दाब कमी झाला की त्याच अर्ध्या सेकंदात हवाही कमी जाते, त्यामुळे घसरण कुठेतरी स्थिरावते, पण ती बुटक्या फवाऱ्यावर. गर्दीचा तास आणि बुटका फवारा यांचं नातं एवढंच आहे. शिवाय पिस्टन कॉम्प्रेसरवर छापलेला आकडा बहुधा सिलिंडरच्या आकारमानावरून काढलेला असतो. हाती येणारी हवा त्याहून कमी असते. वर मगर आणि झुडूप त्याच लाइनवर.

‘कधी कधी उडतच नाही’ हेही याच घरातलं. मुख्य व्हॉल्व्ह पायलटवर चालणारा असेल तर त्याला सरकायला किमान दाब लागतो. एकाच क्षणी मगरीने हवा ओढली आणि लाइनचा दाब त्या किमानाखाली गेला, तर सोलेनॉइड (व्हॉल्व्हला विजेने हलवणारी कॉइल) टिक् वाजतो पण व्हॉल्व्ह हलत नाही. पायलटला स्वतंत्र बारीक लाइन द्या, तिच्यात नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (उलट दिशेने जाऊ न देणारा) आणि एखाद-दोन लिटरची छोटी टाकी. खर्च नगण्य आणि हा दोष कायमचा जातो.

मोठा कॉम्प्रेसर घेण्याआधी गळती तपासा. राइड बंद झाल्यावर टाक्या ७ बारला भरा, कॉम्प्रेसर बंद करा, अर्ध्या तासाने दाब वाचा. ७ बारला ३ मिलिमीटरच्या एका भोकातून सेकंदाला १० लिटरच्या आसपास हवा जाते. म्हणजे मिनिटाला ६०० लिटर, तुमच्या अख्ख्या फवाऱ्याइतकी! अनेक बारीक सांध्यांची गळती मिळून एवढी सहज होते. साबणाचं पाणी घेऊन प्रत्येक जोड, प्रत्येक ड्रेन, प्रत्येक सिलिंडरचं सील पाहा. साचलेलं पाणी आपोआप सोडणाऱ्या ऑटो ड्रेनच्या तोंडात कचरा अडकून तो उघडा राहणं हे नेहमीचं.

मग व्हॉल्व्हची वेळ कमी करून पाहा. फवाऱ्याची उंची सुरुवातीच्या झटक्यात ठरते. फवाऱ्याच्या चेंबरमधलं (पाणी भरून ठेवणाऱ्या कप्प्यातलं) पाणी निघून गेल्यावर जी हवा जाते ती फक्त आवाज करते. अर्ध्या सेकंदावरून ०.३ वर या आणि उंची किती घटते ते चित्रणात मोजा. बहुतेक वेळा फरक दिसतच नाही आणि हवा मात्र चांगलीच वाचते. २० मीटर बारीक नळी हा दुसरा गुन्हेगार. टाकी फवाऱ्याशेजारी आणा, टाकी ते व्हॉल्व्ह २५ मिलिमीटर किंवा जाड पाइप ठेवा. कॉम्प्रेसरपासून टाकीपर्यंतची भरणारी लाइन बारीक राहिली तरी चालते.

एक प्रेशर स्विच फवाऱ्याच्या टाकीवर ६.२ बारला लावा आणि ‘तयार’ हा संकेत त्यातूनच घ्या. दाब नसेल तर फवारा उडवायचाच नाही. अर्धवट फवारा कुणाला आवडत नाही, न उडालेला कुणाला कळत नाही.

आता पाण्याची बाजू. चेंबर दोन फवाऱ्यांमध्ये पूर्ण भरला पाहिजे. त्याची पातळी दाखवणारा सेन्सर ‘तयार’च्या अटीत घाला. भरणाऱ्या तोंडावर पानं बसली की चेंबर अर्धाच भरतो आणि फवाऱ्याऐवजी फुसकारा येतो. गाळणी अशी लावा की ती रोज हाताने काढून धुता येईल. जिला पाना लागतो ती गाळणी आठवडाभर कोणी उघडत नाही. खालचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह गळत असेल तर रात्रीत चेंबर रिकामा होतो आणि सकाळचा पहिला फवारा कोरडा जातो. याशिवाय रात्रभर न हललेल्या स्पूल व्हॉल्व्हची (आत दांडा सरकणाऱ्या) सीलं चिकटतात, म्हणून उघडण्याआधी प्रत्येक इफेक्ट दहा वेळा रिकामा उडवा.

वाऱ्यासाठी वेगमापक लावा आणि ठरावीक वेगावर फवारा आपोआप बंद ठेवा. मर्यादा किती ते तुमच्या फवाऱ्याची उंची आणि प्रवाशांपासूनचं अंतर बघून जागेवर ठरवा. आणि हे कृपया हलक्यात घेऊ नका: हवेत तुषार उडवणाऱ्या कोमट, साचलेल्या पाण्यात लेजिओनेला (न्यूमोनियासारखा आजार करणारा जीवाणू) वाढतो, २० ते ४५ अंश सेल्सिअस हा त्याचा आवडता पट्टा. फवारा, मगरीचा हौद, धुक्याची टाकी, तिन्ही निर्जंतुकीकरणाच्या वेळापत्रकात हवेत. इमारतींतल्या पाण्यासाठी ॲशरे १८८ हे मानक याच कामाचं आहे. त्याची चौकट इथे तशीच लागू करता येते.

झुडपाबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. त्यात बिघडतं ते बुशिंग आणि फांदी बांधलेला प्लॅस्टिकचा पट्टा. दोन्ही दर महिन्याला डोळ्यांनी तपासा.

पीएलसीवाला:

लूपबद्दल. लूप चांगला पर्याय आहे, धूळ-धुकं-कोळी यांचा त्रास नाही, पण सफारी ट्रकसाठी त्याचं माप नीट ठरवावं लागतं. लूप साधारण आपल्या आखूड बाजूच्या निम्म्या ते दोन-तृतीयांश उंचीपर्यंतच पाहू शकतो. या ट्रकची चासी उंच असते. ती ९० सेंटिमीटरवर असेल तर मोटारींसाठीचा १ मीटर रुंद लूप ट्रकची फक्त चाकं आणि आस ओळखेल, म्हणजे पुन्हा एका ट्रकचे दोन-तीन ठोके. आखूड बाजू २ मीटरच्या आसपास ठेवा, वेढे तीन. लूपपासून डिटेक्टरपर्यंतच्या तारा मीटरला निदान २० पिळांनी वळलेल्या असाव्यात. खाली काँक्रीटची सळई असेल तर लूप तिच्यापासून शक्य तितका वर ठेवा. शेजारच्या दोन लूपना वेगवेगळी फ्रिक्वेन्सी द्या, नाहीतर एकावर ट्रक आला की दुसरा बोलतो. आणि लोखंडी पुलावर लूपचा विचारच सोडा.

देखभालीच्या गाड्यांचा प्रश्न लूपने सुटणार नाही, त्यालाही लोखंड एवढंच कळतं. ट्रकच्या पोटाखाली आरएफआयडी टॅग (रेडिओलहरींनी वाचली जाणारी ओळखचिठ्ठी) आणि रस्त्यात वाचक बसवा. नियम असा की टॅगने ‘हा प्रवासी ट्रक क्रमांक ७’ असं सांगितलं तरच इफेक्ट सज्ज होईल, आणि उडवण्याची अचूक जागा मात्र लूप किंवा फोटो सेन्सर देईल. लांब पल्ल्याच्या टॅगला जागा ठरवायला लावू नका. तो कधी चार मीटरवर वाचला जातो, कधी दोनवर. नोंदीत ट्रक क्रमांक आला की आणखी एक फायदा होतो. दोष जागेचा आहे की ठरावीक ट्रकचा, हे लगेच वेगळं करता येतं.

ट्रकमध्ये ध्वनिफीत वाजत असेल तर तीही याच संकेतावर चालू करा. ट्रकच्या स्पीकरला एक टायमर आणि जमिनीवरच्या मगरीला दुसरा, असं असेल तर दोघांची गाठ पडणं नशिबावर.

धुकेरी:

धुकं दुपारनंतर का जातं यासाठी एकच गोष्ट विचारतो: ग्लायकॉल हा द्रव तापवून धूर करणारं यंत्र आहे का? असेल तर दोन कारणं एकत्र काम करतायत. एक, या यंत्रात द्रव तापलेल्या ठोकळ्यातून जातो. सलग वापरात ठोकळा थंड होतो, आणि तापमान ठरावीक पातळीखाली गेलं की थर्मोस्टॅट पंप बंद ठेवतो, ठोकळा परत तापेपर्यंत. हुकूम गेला तरी धूर नाही. यंत्राकडून ‘तापलेलं आहे’ हा संकेत बाहेर मिळत असेल तर तो पीएलसीत घ्या, म्हणजे निदान नोंदीत दिसेल. दर ट्रकला १० सेकंद धुकं सोडत असाल तर ४ करा आणि एका यंत्राऐवजी दोन आळीपाळीने चालवा.

दुसरं कारण हवा. दुपारी जमीन तापली की वर जाणारा झोत धुकं उचलून नेतो. घळ खोल असली तरी तोंड उघडं असेल तर ते टिकत नाही. उघड्यावर ग्लायकॉल हा मुळात चुकीचा मार्ग आहे असं माझं स्पष्ट मत आहे. उच्च दाबाचं पाण्याचं धुकं घ्या: ७० बारचा पंप, ०.१५ ते ०.२ मिलिमीटर छिद्राची नोझल. हे धुकं सतत ठेवायचं, ट्रकसाठी चालू-बंद करायचं नाही. दाब चढायला आणि घळ भरायला वेळ लागतो, आणि सतत चालणाऱ्या धुक्यात वेळ चुकण्याचा प्रश्नच उरत नाही. ट्रकसाठी बदलायचा तो आतला प्रकाश आणि आवाज.

यातला नेहमीचा त्रास म्हणजे नोझल चोंदणं. कठीण पाण्याचा क्षार छिद्रात बसतो. पाणी मृदू करणारं यंत्र, मग ५ मायक्रॉनची गाळणी, आणि प्रत्येक नोझलला थेंब थांबवणारा छोटा व्हॉल्व्ह असावा, नाहीतर पंप बंद झाला की पाइप रिकामा होतो आणि नोझल ठिबकत राहतात. चोंदलेली नोझल सुईने टोचू नका, छिद्र मोठं होतं आणि धुक्याऐवजी धार येते. सौम्य आम्लात भिजवून ठेवा. घळीच्या दोन्ही काठांवर नोझलच्या वेगळ्या रांगा ठेवून वाऱ्याच्या दिशेप्रमाणे कुठली चालवायची ते ठरवता आलं तर उत्तमच.

द्रव नायट्रोजनचं धुकं सुंदर दिसतं म्हणून कोणी सुचवेल. खोलगट जागेत ते ऑक्सिजन हटवतं. घळीत देखभालीला उतरणाऱ्या माणसासाठी ते जीवघेणं ठरू शकतं. ऑक्सिजनमापक आणि धोक्याची घंटा यांशिवाय त्या वाटेला जाऊ नका.

पूलतपासनीस:

पुलाबद्दल सगळ्यांपेक्षा वेगळं बोलावं लागेल. बाकी चार इफेक्ट प्रवाशांना काहीतरी दाखवतात. पूल प्रवाशांनाच हलवतो. म्हणून त्याचं नियंत्रण इफेक्टच्या साध्या पीएलसीत नसावं. ते सेफ्टी पीएलसीत (सुरक्षेसाठीच बनवलेल्या वेगळ्या नियंत्रकात) हवं आणि एएसटीएम एफ२२९१ किंवा ईएन १३८१४ यांसारख्या राइडच्या मानकांनुसार जोखमीचं विश्लेषण करूनच बसवलेलं हवं.

पूल कधी कलतो, कधी नाही, याला मी सरळ बिघाड म्हणणार नाही. कलण्यासाठी परवानगीच्या अटी असतात: पूर्ण ट्रक पुलावर, पुढची-मागची चाकं आपापल्या जागी, वेग मर्यादेत, मागचा ट्रक पुलाच्या टप्प्यात शिरलेला नाही, तेलाचा दाब आणि तापमान ठीक, सिलिंडरचा जागादर्शक आणि सपाट स्थितीचा स्विच एकमेकांशी जुळतात. यातली एकही पुरी झाली नाही तर पूल सपाट राहतो, आणि तसंच व्हायला हवं. तुमची खरी अडचण ही आहे की कुठली अट अडली ते तुम्हाला दिसत नाही. प्रत्येक अटीला एक क्रमांक द्या आणि न कललेल्या प्रत्येक वेळी तो नोंदवा. बहुतेकदा दोनच क्रमांक वर येतात: ट्रक अपेक्षेपेक्षा वेगात होता, किंवा मागचा ट्रक फार जवळ आला होता. दोन्हींचा इलाज पुलाआधीच्या रस्त्यावर आहे: पुलाच्या ३० मीटर आधी चालकाला दिसेल असा सिग्नल आणि थांबण्याची रेषा.

सकाळी पूल आळशी वाटत असेल तर तेल थंड आहे. तापमान वाढेपर्यंत पंप टाकीतल्या टाकीत फिरवा. अॅक्युम्युलेटरमधला (तेल दाबाखाली साठवणाऱ्या टाकीतला) नायट्रोजनचा दाब उतरला तर पहिलं कलणं ठीक आणि लगेचचं दुसरं मंद, असं दिसतं; तो दाब तेल पूर्ण सोडूनच मोजायचा. सिलिंडरच्या अंगावरच भार धरून ठेवणारे व्हॉल्व्ह आहेत ना ते पाहा, म्हणजे होज फुटली तरी पूल खाली येणार नाही. आणि सपाट होऊन कुलूप लागल्याची खूण मिळाल्याशिवाय चालकाला हिरवा दिवा नको.

सेन्सर त्रास देतो म्हणून त्याच्यावर तार जोडून तो कायम ‘ठीक’ दाखवत ठेवणं कुणालाही करू देऊ नका. पूल महिनाभर सपाट राहिला तरी राइड चालते.

पीएलसीवाला:

वरचं सगळं झालं की मग मुद्दाम आणायची अनिश्चितता. पहिला मोह असतो तो प्रत्येक इफेक्टला स्वतंत्र नाणेफेक लावण्याचा. पूल सोडून चार इफेक्ट, प्रत्येकाची शक्यता निम्मी, असं केलं तर १६ पैकी एका ट्रकला एकही इफेक्ट मिळत नाही. तासाला ६० ट्रक म्हणजे जवळपास चार ट्रक, सव्वाशे माणसं, काहीही न बघता उतरतात. आणि तेवढेच ट्रक सगळं बघतात, त्यांना अनिश्चितता काय ते कळतच नाही.

त्याऐवजी चिठ्ठ्यांची पिशवी करा. धुकं आता सतत आहे, म्हणून त्याचा आतला प्रकाश-आवाज हा चौथा इफेक्ट धरा. चारांतून दोन निवडण्याचे सहा प्रकार होतात. त्या सहा चिठ्ठ्या पिसून एकेका ट्रकला एकेक द्या, संपल्या की पुन्हा पिसा. प्रत्येक ट्रकला नेमके दोन मोठे क्षण मिळतात आणि सहा ट्रकांत प्रत्येक इफेक्ट तीनदा होतो. पिसल्यावर एकच तपासणी करा: आधीच्या पिशवीचा शेवट धरून कुठलाही इफेक्ट सलग तीन ट्रकांना येत नाही ना? येत असेल तर पुन्हा पिसा. याचा फायदा हवेलाही होतो. फवाऱ्याची गरज सरासरी मिनिटाला ६०० वरून ३०० लिटरवर येते आणि तोच कॉम्प्रेसर पुरतो.

आलेल्या चिठ्ठीतला इफेक्ट तयार नसेल तर पिशवीतली दुसरी चिठ्ठी उचला, पण ती अदलाबदल दोष म्हणून नोंदवा. नाहीतर मगर महिनाभर बंद पडलेली असेल आणि प्रोग्रॅम ते गुपचूप झाकत राहील.

दुसरी युक्ती उडण्याच्या जागेची. वेग मोजणारे सेन्सर असतील तर फवारा पहिल्या ओळीशी, मधल्या ओळीशी किंवा शेवटच्या ओळीशी उडवता येतो. १२ किमीला हे अंदाजे ०.४५, १.३५ आणि २.२५ सेकंद होतात. मागच्या बाकावर बसलेला माणूस फवाऱ्याची जागा पार झाली असं समजून निर्धास्त होतो, आणि तेव्हाच तो उडतो. चार इफेक्टना अशा तीन जागा दिल्या तर नवीन यंत्र न घेता वैविध्य कितीतरी वाढतं. थोड्या घटकांतून वैविध्य कसं वाढतं ते पाहायचं तर डिस्नेच्या स्टार टूर्स या राइडच्या २०११ च्या आवृत्तीकडे पाहा: २ × ३ × ३ × ३ तुकडे, आणि त्यातून ५४ प्रवास.

मागचा ट्रक किती दूरवर पाहू शकतो हे मात्र जागेवर उभं राहून तपासा. फवारा मागच्या ट्रकला दिसत असेल तर सगळी पिशवी वाया. वळण, टेकाड किंवा दाट झाडी मध्ये नसेल तर तो इफेक्ट वळणापलीकडे हलवा.

धुकेरी:

पिशवीत एक अट माझीही घाला: प्राणी. जिवंत प्राण्यांच्या कुरणाजवळ आवाज किंवा झगमगाट असलेला इफेक्ट नकोच. फ्लोरिडातल्या डिस्नेच्या ॲनिमल किंगडम उद्यानातली किलिमांजारो सफारीज ही राइड १९९८ पासून चालू आहे. तिथे खरे प्राणी रस्त्यावर येतात आणि ट्रकला थांबावं लागतं, त्यामुळे कुठलीही फेरी ठरल्या वेळात होत नाही. शिकारचोरांच्या पाठलागाची जी कथा तिला सुरुवातीला जोडलेली होती ती पुढे काढून टाकली आणि २०१२ मध्ये तिथे झेब्रे आणले. खरा प्राणी समोर असताना प्रवाशाला दुसऱ्या अनिश्चिततेची गरज नसते. तुमच्या रस्त्यावर असा भाग असेल तर तो इफेक्टविना ठेवा आणि सगळे इफेक्ट त्यापुढच्या, प्राणी नसलेल्या टप्प्यात एकत्र करा.

रानवाट:

सगळ्यांचे मनापासून आभार. सेन्सर उतरवणं, नोंद आणि गळतीची तपासणी याच क्रमाने घेतो. एक शंका राहिली. चालक आत्ता ‘उजवीकडे बघा, मगर!’ असं बोलतो. चिठ्ठीत मगर नसेल तर त्याला कसं कळणार?

पूलतपासनीस:

डॅशबोर्डवर चार छोटे दिवे लावा, प्रवाशांना दिसणार नाहीत असे. ट्रक तयारीच्या सेन्सरवर आला की त्या ट्रकच्या चिठ्ठीतला आणि खरोखर तयार असलेला इफेक्टच दिव्यावर येईल. दिवा लागला तर चालक नजर उलट्या बाजूला वळवणारं वाक्य बोलेल, म्हणजे मगर पाठीमागून येईल. दिवा नसेल तर त्याच जागेसाठीचं दुसरं वाक्य, ज्यात मगरीचं नावही नाही. दोन्ही वाक्यं लिहून द्या, चालकावर सोडू नका. दिव्याचा संकेत वायरलेसवर असेल आणि तो पोचलाच नाही, तर दिवा बंद असं धरलं जाईल. इफेक्ट उडाला तरी बोलण्याशी त्याचा विरोध होत नाही.

प्रत्येक इफेक्टचा एक कमी दर्जाचा पर्यायही आधीच तयार ठेवा. ॲनिमल किंगडममधल्याच एक्स्पिडिशन एव्हरेस्टमधला महाकाय यती २००६ साली राइड सुरू झाल्यावर काही महिन्यांतच पूर्ण हालचालीने चालवता येईनासा झाला, आणि त्याच्यावर स्ट्रोब दिवे मारून हालचालीचा भास दिला गेला. तुमच्या मगरीसाठी तो पर्याय म्हणजे फक्त पाण्यातले बुडबुडे आणि शेपटीचा फटका, वेगळ्या व्हॉल्व्हवर. मुख्य सिलिंडर दुरुस्तीला गेला असेल त्या आठवड्यात मगरीची चिठ्ठी तशीच चालू राहते. तिच्या सिलिंडरचं सील-किट आणि दोन सोलेनॉइड कॉइल मात्र कपाटात असू द्या.